जुन्या मारधाड मालिकांचे सिनेमे फसतात ते नेमके कुठे

2010 साली आलेल्या 'द ए-टीम' या सिनेमाच्या अगदी शेवटी एक निवेदन ऐकू येतं. चार सैनिक, न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा, लष्करी तुरुंगातून पलायन. तुमच्यावर संकट आलं असेल, कुणी मदत करत नसेल आणि तुम्हाला ही माणसं सापडली, तर त्यांना कामावर ठेवता येईल. 1983 ते 1987 या काळात चाललेल्या मूळ मालिकेच्या बहुतेक भागांच्या शीर्षकात हेच निवेदन असायचं. म्हणजे मालिका दर आठवड्याला जिथून निघायची, तिथे सिनेमा दोन तास खर्चून पोचला आणि संपला. कुणी गरीब शेतकरी किंवा टॅक्सीवाला येतो, या चौघांना शोधून काढतो आणि ते त्याचं काम करतात, हे त्या मालिकेचं रोजचं दुकान होतं. सिनेमात ते उघडतच नाही.

ठाण्या-वाशीच्या मल्टिप्लेक्समधून असा सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्यांत दोन गट पडतात. पन्नाशीचे म्हणतात, जुन्याची सर नाही. त्यांची मुलं म्हणतात, बाबा, तुम्ही आता ती मालिका पुन्हा लावून बघा, दहा मिनिटं बसवणार नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण निराशेचं कारण आठवणींत नाही. ते मालिकेच्या आणि सिनेमाच्या बांधणीत आहे. वेळ, पैसा आणि वेळापत्रक यांनी ठरलेली ही बांधणी आहे, त्यामुळे ती मोजून दाखवता येते.

एका भागाची चिरफाड

अमेरिकी वाहिन्यांवरचा 'एक तासाचा' भाग कधीच एक तासाचा नसतो. साठच्या दशकात तो पन्नास मिनिटांच्या आसपास असे, ऐंशीच्या दशकात 46 ते 48 मिनिटं, नंतर 42 वर आला. उरलेला वेळ जाहिरातींचा. या मिनिटांचे साधारण चार अंक पाडायचे, प्रत्येक अंक संपताना प्रेक्षक रिमोटला हात लावणार नाही अशी अडचण उभी करायची, सुरुवातीला छोटा तुकडा आणि शेवटी हसतखेळत निरोप. लेखकाला कथा कितीही सुचली तरी दर अकरा-बारा मिनिटांनी तिला एका कड्यावर आणून उभं करावंच लागतं.

'ए-टीम'चा कुठलाही भाग घेतला तरी घड्याळ लावून सांगता येतं. पहिल्या तीन-चार मिनिटांत कुठल्यातरी लहान गावात गुंड कुणाला तरी छळतात. मग शीर्षक. मग पीडित माणूस चौघांच्या म्होरक्याला, हॅनिबलला, शोधत येतो आणि हॅनिबल वेषांतर करून त्याची परीक्षा घेतो. फेस गोड बोलून सामान मिळवतो, मर्डॉकला मनोरुग्णालयातून पळवलं जातं, विमानाला घाबरणाऱ्या बी.ए.ला झोपेचं औषध देऊन विमानात चढवतात. पहिली हाणामारी आपल्या बाजूने, दुसरी विरुद्ध. तिसऱ्या अंकाच्या शेवटी चौघं एखाद्या गोदामात किंवा गॅरेजमध्ये कोंडले जातात, आणि तिथे नेमकं वेल्डिंगचं सामान, पत्रे, पाइप आणि जुना ट्रॅक्टर असतो! शेवटच्या दहा मिनिटांत त्यातून बनवलेला रणगाडा भिंत फोडून बाहेर येतो. हजारो गोळ्या झाडल्या जातात, जीप हवेत गिरकी घेऊन उलटी पडते आणि आतली माणसं कपडे झटकत बाहेर येतात.

हे पोरकट आहे असं म्हणणं सोपं आहे. पण ते तसं का आहे हे पाहिलं तर कळतं की त्यात कसब होतं. घोडबंदर रोडवर मराठी मालिकांचे सेट जवळून पाहिलेल्या ठाणेकरांना चित्रीकरणाचा वेग म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आपल्या दैनंदिन मालिकेत वीस-बावीस मिनिटांचा भाग जवळपास दिवसाला एक या गतीने काढावा लागतो. अमेरिकी मारधाड मालिकेला एका भागासाठी सात-आठ दिवस मिळायचे आणि वर्षाला बावीसच्या आसपास भाग द्यायचे. आठ दिवसांत गाड्यांचे मोठे स्टंट फार तर दोन. म्हणून बाकीचा वेळ बोलण्यात, वेषांतरात, युक्तीत आणि त्या गोदामातल्या खटपटीत जायचा. गोदामातला प्रसंग स्वस्त होता: एक जागा, चार नट, ठिणग्या आणि वर संगीत. पण चौघं मिळून हाताने काहीतरी घडवताहेत हे पाहण्यातच मालिकेचा जीव होता. टंचाईतून आलेली ती गोष्ट होती, आणि बजेट वाढवलं की पहिली तीच जाते.

माणसं न मरण्याचंही तसंच. संध्याकाळच्या वेळी, घरातली मुलं समोर असताना दाखवायची मालिका म्हणून ती मर्यादा होती. तिच्यातून एक सूर तयार झाला, की इथे संकट खरं आहे पण रक्त नाही. 2010 च्या सिनेमात माणसं मरतात, सीआयएचे कट शिजतात, नोटा छापायचे ठसे चोरीला जातात. विमानातून पडणारा रणगाडा पॅराशूटवर लटकतो आणि तोफ डागून आपली दिशा बदलतो. कल्पना म्हणून हे 'ए-टीम'च्या कुळातलंच आहे. पण गोदामातला ट्रॅक्टर खरा होता आणि हा रणगाडा संगणकातला आहे, हे डोळ्याला लगेच कळतं.

वजनाचा प्रश्न

खऱ्या आणि संगणकी स्टंटमधला फरक नेमका कुठे दिसतो? गाडी उडवण्याचं उदाहरण घेऊ. 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' (1979 ते 1985) मध्ये केशरी डॉज चार्जर जवळजवळ प्रत्येक भागात ओढा, पूल किंवा पोलिसांची गाडी ओलांडून उडायची. या गाडीचं इंजिन पुढे असल्यामुळे रॅम्प सोडल्यावर नाक खाली जातं आणि गाडी तोंडावर आपटते. ते टाळायला डिकीत वाळूची पोती किंवा काँक्रीट भरून काही शे किलोंचं वजन ठेवत. तरीही जमिनीवर उतरताना सांगाडा वाकायचा, आणि बहुतेक गाड्या एका उडीत भंगारात जायच्या. मालिका संपेपर्यंत सुमारे तीनशे गाड्या अशा कामी आल्या.

पडद्यावर ती उडी दोन-तीन सेकंदांची असते, पण तिच्यात उतरतानाचा दणका असतो, बॉनेटला पडणारी सुरकुती असते, मागचं चाक वेडंवाकडं होताना दिसतं. पुढच्या शॉटमध्ये अर्थातच दुसरी, धडधाकट गाडी धावते. संगणकात गाडी उडवताना हे सगळं मुद्दाम, पैसे मोजून, बारीकसारीक तपशिलाने घालावं लागतं, आणि गाडी चाळीस फूट ऐवजी चारशे फूट उडवली की कितीही तपशील घातला तरी मन मानत नाही. अंतर वाढलं की वजन हरवतं.

मात्र खरे स्टंट परत आणले की सिनेमा वाचतो, असंही नाही. 'द फॉल गाय' ही 1981 ते 1986 ची मालिका मुळात स्टंट करणाऱ्या माणसावरचीच. तिच्यावरून 2024 मध्ये आलेला सिनेमा दिग्दर्शित केला डेव्हिड लीच यांनी, जे स्वतः स्टंटमन होते. त्यात लोगन हॉलाडे या स्टंट ड्रायव्हरने गाडीला साडेआठ कोलांट्या खायला लावून विक्रम केला. गाडीखाली दाबाच्या वायूवर चालणारी नळकांडी बसवतात, ती योग्य क्षणी जमिनीवर दांडा मारते आणि वेगातली गाडी आडवी लोळत जाते. आधीचा विक्रम सात कोलांट्यांचा होता, 2006 च्या 'कसिनो रॉयल'मधला. एवढं करूनही सिनेमाचा जगभरचा धंदा अठरा कोटी डॉलरच्या आसपासच राहिला, आणि खर्चच बारा कोटींच्या पुढे होता. तेव्हा नुसतं 'सगळं कॉम्प्युटरने बिघडवलं' म्हणून हात झटकता येणार नाहीत.

'प्रसंग' विरुद्ध 'सवय'

मुख्य गाठ इथे आहे. मालिका ही सवय असते. तिचं आकर्षण काय घडेल यात नसतं, ते कसं घडेल यात असतं. बी.ए. विमानाला घाबरणार हे आपल्याला ठाऊक असतं. या वेळी त्याला कसं फसवतील, एवढीच उत्सुकता. 'ए-टीम'चे नव्वदहून अधिक भाग झाले, म्हणजे सत्तर तासांहून जास्त सोबत. इतक्या वेळेत पात्रं बदलत नाहीत, आपण त्यांच्याशी सरावतो.

सिनेमाला सवय परवडत नाही. तिकीट काढून, पार्किंग शोधून, पॉपकॉर्नला तिकिटाइतके पैसे देऊन माणूस आला आहे तर त्याला 'प्रसंग' हवा, असं स्टुडिओला वाटतं. प्रसंग करायचा तर काहीतरी पहिल्यांदा किंवा शेवटचं घडायला हवं. म्हणून जवळजवळ प्रत्येक पुनर्निर्मिती एकाच वाटेने जाते: ही मंडळी एकत्र आली कशी. मग बी.ए. विमानाला का घाबरतो याचं कारण दाखवलं जातं. मालिकेत त्या भीतीला कारण लागत नव्हतं, कारण ती गंमत होती. कारण सांगितलं की तिचा 'इतिहास' होतो आणि गंमत निघून जाते. त्या सिनेमात तर बी.ए. तुरुंगात अहिंसावादी होतो आणि पुढे बराच वेळ त्याला पुन्हा मारामारी करायला तयार करण्यात जातो. ज्या माणसाला लोक मारामारीसाठी बघायला आले, त्याला मारामारीपासून दूर ठेवायचं. पटकथालेखनाच्या वर्गात याला 'पात्राचा प्रवास' म्हणून गुण मिळतील.

'मिशन : इम्पॉसिबल'ची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तो सिनेमा पडला नाही, धो धो चालला. मूळ मालिका 1966 ते 1973, भाग 171. तिची रीत ठरलेली. टेपवर कामगिरी ऐकायची, टेप पाच सेकंदांत धूर होऊन नष्ट, मग खोलीत चर्चा, मग योजना एकेक पायरीने पार पडताना पाहायची, शेवटी सगळे एका गाडीत बसून निघून जायचे. कुणाच्या घरात काय चाललंय, कुणाचं कुणावर प्रेम आहे, हे जवळपास कधीच कळायचं नाही. नायक हा चमू होता आणि खलनायक आपणच आपल्याला फसवून घ्यायचा.

1996 मध्ये ब्रायन डी पाल्मा यांनी सिनेमा केला तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच प्रागमध्ये जवळजवळ सगळा चमू मारला गेला आणि टॉम क्रूझचा इथन हंट एकटा उरला. वर मालिकेतला प्रमुख जिम फेल्प्स गद्दार निघाला. मालिकेत पीटर ग्रेव्हज यांनी रंगवलेला हा माणूस म्हणजे विश्वासाचं दुसरं नाव होतं. मालिकेतले बार्नी, म्हणजे ग्रेग मॉरिस, हा सिनेमा पाहताना मध्येच उठून गेले असं तेव्हा छापून आलं होतं. जगभर पंचेचाळीस कोटी डॉलरचा धंदा झाला आणि पुढे सिनेमांची रांग लागली, पण जुन्या प्रेक्षकाला जे लागलं ते लागलंच: चमूची मालिका एका ताऱ्याची झाली.

गंमत म्हणजे त्याच सिनेमातला सगळ्यांच्या लक्षात राहिलेला प्रसंग अगदी मालिकेच्या पद्धतीचा आहे. लँग्लीच्या सीआयए मुख्यालयातली ती पांढरी खोली, वरून दोरीने उतरणारा हंट, आवाज, तापमान आणि जमिनीवरचा दाब ओळखणारी यंत्रणा, घामाचा एक थेंब. संगीत नाही, गोळीबार नाही, चार जणांनी आपापलं काम बिनचूक करायचं. प्रेक्षक श्वास रोखून बसतात ते तिथे, शेवटच्या ट्रेनवरच्या हेलिकॉप्टरपाशी नव्हे.

संगीताचंही असंच झालं. लालो शिफ्रिन यांनी मालिकेसाठी बांधलेली धून पाच ठोक्यांच्या आवर्तनात आहे. बारीक मोजली तर 3-3-2-2 अशा दहा मात्रा पडतात. झपतालाच्या 2-3-2-3 पेक्षा विभाग वेगळे, पण तबल्याची थोडी सवय असलेल्या कानाला ती लंगडी, टोचणारी चाल लगेच ओळखू येते. पाय ठेवायला जाल तर मात्रा सरकलेली. 1996 च्या सिनेमासोबत यू-टू या बँडमधल्या दोघांनी तिची जी गाजलेली आवृत्ती काढली, ती मुख्यतः चार ठोक्यांत होती. नाचायला सोपी, रेडिओला सोयीची, आणि अस्वस्थता सपाट झालेली. सिनेमाच्या श्रेयनामावलीत डॅनी एल्फमन यांनी पाचचा ठेका राखला होता हेही सांगायला हवं. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका आणि टाळीने मात्रा धरा. रीमेक म्हणजे काय होतं ते तीन मिनिटांत कळेल.

पैशाचं गणित

'ए-टीम'च्या सिनेमाला सुमारे 11 कोटी डॉलर खर्च आला, त्या वेळच्या दराने पाचशे कोटी रुपयांच्या घरात. जगभरातून तिकिटांचे 17.7 कोटी डॉलर जमले. वरवर पाहता नफा. पण तिकिटाच्या पैशांतला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांकडे राहतो, परदेशात स्टुडिओच्या हाती त्याहून कमी येतं, आणि जाहिरातीचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. म्हणून धंद्यात ढोबळ हिशेब असा, की खर्चाच्या दोन ते अडीच पट गल्ला जमला तर सिनेमा पाण्याबाहेर. इथे 22 ते 27 कोटी हवे होते. दुसरा भाग आला नाही.

खर्च जितका मोठा, तितका सिनेमा 'सगळ्यांसाठी' करावा लागतो, आणि मालिका मुळात काहींची असते. मग ज्याने मालिका पाहिलेली नाही त्याला सगळं समजावून सांगायचं, ज्याने पाहिली आहे त्याला अधूनमधून जुनी गाडी, जुना संवाद, जुना नट दाखवून खूश ठेवायचं. दोघांनाही अर्धंच ताट मिळतं. 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट'च्या 1999 च्या सिनेमावर 17 कोटी डॉलर खर्च झाले. मालिकेत होती एक आगगाडी, दोन हेर आणि चलाख उपकरणं. सिनेमात आला इमारतीएवढा यांत्रिक कोळी. वर्षातल्या सर्वांत वाईट सिनेमाचा 'रॅझी' त्याला मिळाला, आणि तो घ्यायला मालिकेचे मूळ नायक रॉबर्ट कॉनराड स्वतः गेले. इतकी स्वच्छ समीक्षा क्वचित होते.

हक्कांचं त्रांगडं वेगळंच. मालिकेचं नाव, पात्रं, धून, मूळ कथा हे सगळं एकाच मालकाकडे असतंच असं नाही. 'ड्यूक्स'चा 2005 चा सिनेमा प्रदर्शनाच्या तोंडावर न्यायालयात अडकला, कारण मालिका ज्या 1975 च्या 'मूनरनर्स' या सिनेमावरून निघाली होती त्याच्या निर्मात्याने हक्क सांगितला, आणि स्टुडिओला पैसे मोजून तडजोड करावी लागली. धून वापरायची नाही असं कधीकधी दिग्दर्शकच ठरवतो. 'मायामी व्हाइस'ची यान हॅमर यांची धून 1985 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. 2006 च्या सिनेमात ती नाही. तो सिनेमा केला मालिकेचेच कार्यकारी निर्माते मायकल मान यांनी! फिकट गुलाबी सूट, नायकाची पाळीव मगर, उन्हातलं मायामी, सगळं काढून त्यांनी डिजिटल कॅमेऱ्यांवर रात्रीचा, करडा, कमी बोलणारा सिनेमा केला. 13.5 कोटींच्या खर्चावर 16.4 कोटींचा गल्ला. पण या यादीतला दुसऱ्यांदा बघण्यासारखा कुठला असेल तर हा. मालिका म्हणून नव्हे, मान यांचा सिनेमा म्हणून बघितला तर.

टिंगलीची पळवाट फार वेळ घेण्यासारखी नाही. जुन्या मालिकेची लाज वाटली की तिचा विनोदी सिनेमा करायचा: 'स्टार्स्की अँड हच' (2004), 'चिप्स' (2017), 'बेवॉच' (2017). खर्च कमी, धोका कमी. '21 जम्प स्ट्रीट' (2012) जमला, कारण त्यात जुन्या कल्पना उकरून काढणाऱ्यांचीच खिल्ली आहे. बाकीच्यांत आपल्याला जे आवडायचं त्यावर दुसरे हसताहेत, एवढंच.

जमलं कुणाला

'द फ्युजिटिव्ह'ला जमलं. ही मालिका 1963 ते 1967, भाग 120. बायकोच्या खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेला डॉ. किंबल, तो शोधत असलेला एका हाताचा माणूस आणि मागावर असलेला जेरार्ड. ही मालिका वरून सवयीची दिसली तरी तिच्या पोटात पहिल्या दिवसापासून एक शेवट होता: तो निर्दोष सुटणार की नाही? 29 ऑगस्ट 1967 ला त्याचं उत्तर मिळालं. सिनेमाला नेमकं हेच लागतं. 1993 मध्ये हॅरिसन फोर्ड आणि टॉमी ली जोन्स यांना घेऊन अँड्र्यू डेव्हिस यांनी मधली भटकंती गाळली, सुरुवात आणि शेवट ठेवले आणि दोन तासांत गोष्ट बसली. आगगाडीचा अपघात नॉर्थ कॅरोलिनात खऱ्या गाडीवर, एकाच टेकमध्ये चित्रित केला. जोन्स यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं.

'द इक्वलायझर' (मालिका 1985 ते 1989) दुसऱ्या कारणाने टिकला. नायक एकटाच, त्यामुळे चमू मोडण्याचा प्रश्न नाही. प्रत्येक वेळी एका अडलेल्या माणसाचं काम, आणि खर्च आटोक्यात. डेंझेल वॉशिंग्टन यांना घेऊन 2014, 2018 आणि 2023 असे तीन सिनेमे झाले. पहिला सिनेमा उगमकथाच सांगतो, पण सांगता सांगता मालिकेचं रोजचं दुकानही चालू ठेवतो: अडलेली मुलगी, छळलेला सहकारी, लुटलेली दुकानातली बाई.

म्हणून नवा रीमेक जाहीर झाला की नटांची नावं वाचण्याआधी एक प्रश्न विचारा: मूळ मालिकेच्या पोटात शेवट होता का? असेल तर आशा आहे. नसेल, म्हणजे मालिका नुसती 'दर आठवड्याला नवं काम' अशी असेल, तर ट्रेलरमध्ये पाहा की ते रोजचं काम कुठे दिसतं. चमूच्या मालिकेच्या पोस्टरवर एकच चेहरा मोठा असेल, धून अगदी संथ करून समूहस्वरात वाजत असेल आणि कुणीतरी 'हे सगळं सुरू झालं तेव्हा…' असं म्हणत असेल, तर पहिल्या आठवड्यात घाई करायचं कारण नाही.

घरी ताडून पाहायचं असेल तर

जुना भाग आणि नवा सिनेमा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय यातलं काही खरं मानू नका. फक्त टीव्ही आधी नीट लावा, नाहीतर जुन्यावर उगाच अन्याय होतो. ऐंशीच्या दशकातल्या मालिका 4:3 चौकटीत आहेत. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'ओरिजिनल' किंवा '4:3' निवडा. मग दोन्ही कडांना पडद्याचा प्रत्येकी आठवा हिस्सा काळा दिसेल, तो दिसू द्या. 'वाइड' ठेवलंत तर माणसं बुटकी आणि रुंद होतात. 'झूम' केलंत तर वरखालून मिळून चित्राचा चौथा हिस्सा कापला जातो, आणि चार जणांचा चमू एका चौकटीत बसवण्यासाठी कॅमेरामनने केलेली मांडणीच बिघडते. दुसरं म्हणजे चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगमध्ये ती 'ऑटो मोशन प्लस', सोनीत 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन' या नावाने सापडेल. ती चालू असली की सेकंदाला 24 चौकटींवर चित्रित केलेली मालिका स्टुडिओतल्या बातम्यांसारखी दिसते आणि खोटे सेट उघडे पडतात.

मग कागद-पेन्सिल घ्या. दोन्हींतला एक पाठलाग निवडा, एक मिनिट घड्याळ लावा आणि चित्र बदललं की एक रेघ मारा. जुन्यात एक शॉट साधारण चार-पाच सेकंद टिकतो, नव्यात बऱ्याचदा दोनच्या आसपास. गाडी कुठून कुठे चालली आहे हे जुन्यात सांगता येतं का आणि नव्यात सांगता येतं का, हे रेघांशेजारी लिहा. पाम बीच रोडवर पाठलाग चालला आहे असं समजा: वाशीकडून बेलापूरकडे की उलट, हे प्रेक्षकाला कळायलाच हवं. दुसऱ्या कागदावर सगळा चमू एकाच चौकटीत किती वेळा दिसतो ते मोजा. 'मिशन : इम्पॉसिबल'मध्ये हा आकडाच सगळं सांगून जाईल.

हा उद्योग घरातच करा. ओटीटीचं घरगुती सदस्यत्व सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पडदा लावून दाखवण्यासाठी नसतं. तसा खेळ करायचा तर हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते.

'शक्तिमान'चं काय

'स्ट्रीट हॉक' एका अर्थी सुदैवी. 1985 चे अवघे तेरा भाग, टँजरिन ड्रीम या बँडची धून, काळी मोटरसायकल, आणि दूरदर्शनमुळे आपल्याकडे मिळालेली कीर्ती अमेरिकेतल्या तिच्या नशिबाच्या कितीतरी पट. तिच्यावर मोठा सिनेमा झाला नाही.

'शक्तिमान'वर मात्र सिनेमा करणार असल्याचं सोनीने फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर केलं. 1997 ते 2005 चाललेल्या या मालिकेला वर सांगितलेली सगळी मापं लावता येतात. तमराज किल्विश विरुद्ध शक्तिमान हा संघर्ष, सात चक्रं, तपश्चर्या, हे 'प्रसंगा'त सहज बसेल, आणि संगणकावर खर्च करायला भरपूर वाव आहे. उगमकथाही आयती आहे. सवयीच्या बाजूला आहे तो 'आज की आवाज'च्या कचेरीत धडपडणारा, पुढे आलेल्या दातांचा, कुणीच मनावर न घेणारा फोटोग्राफर गंगाधर. आणि भाग संपल्यावर मुलांना दात घासण्यापासून खोटं न बोलण्यापर्यंत काहीबाही समजावणारी ती 'छोटी छोटी मगर मोटी बातें'. तीनशे कोटींच्या सिनेमात असल्या दोन मिनिटांना जागा करायला निर्माता तयार होत नाही, कारण ट्रेलरमध्ये त्यांचा उपयोग नाही. तेव्हा घोषणा पुढे सरकली की पोशाख कसा दिसतो यावरून भांडत बसण्यापेक्षा गंगाधरला किती मिनिटं दिली आहेत हे आधी बघा.